अमेरिकन फ्रंटियरच्या इतिहासातून १२ जणांची कमांडो टीम काढायची तर कोण कोण घ्याल?

ओसाडगाव_पाटील
बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज टाकतोच. अमेरिकन सैन्यात ग्रीन बेरेटवाल्यांची जी मूळ तुकडी असते ती १२ जणांची. एक कॅप्टन, एक त्याचा डेप्युटी, एक सीनियर सार्जंट, एक हेरगिरी बघणारा, आणि मग शस्त्रं, बांधकाम-सुरुंग, औषधपाणी, संपर्क यांचे प्रत्येकी दोन. आता हाच साचा घ्यायचा आणि त्यात १७५५ ते १८८६ मधली फ्रंटियरवरची, म्हणजे गोऱ्यांची वसाहत पश्चिमेला सरकत होती त्या सरहद्दीवरची, खरी माणसं बसवायची. १८८६ का, तर त्या साली अपाची या मूळनिवासी जमातीचा म्होरक्या जेरोनिमो शरण आला, तिथे माझ्या लेखी खेळ संपतो.

अटी दोनच. पिक्चरमुळे मोठा झालेला चालणार नाही, कुठेतरी धड नोंद पाहिजे. आणि गडी जाऊन परत आलेला पाहिजे. टेक्सासच्या अलामो गढीच्या लढाईत शौर्याने मेला हे क्वालिफिकेशन नाही, त्यामुळे डेव्ही क्रॉकेट आणि जिम बोवी दोघंही बाद, कोणी रडू नका.

माझा कॅप्टन ठरलेला आहे, रॉबर्ट रॉजर्स. फ्रेंचांशी लढाई चालू असताना १७५७ मध्ये या माणसाने आपल्या रेंजर्ससाठी २८ नियम लिहून काढले आणि ते वाचले तर आजही पटतात. दलदलीतून जाताना रांग मोडून आडवे पसरा म्हणजे माग काढता येणार नाही, गेलात त्या वाटेने परत येऊ नका, मुक्कामाला अर्धी माणसं जागी ठेवा, उजाडायच्या आधी सगळ्यांना उठवा कारण शत्रू तीच वेळ साधतो. त्या काळात इंग्रज लाल कोट घालून सरळ रांगेत गोळ्या खायला उभे राहायचे आणि इकडे हा असलं सगळं लिहितोय. डेप्युटी डॅनियल बून. पुढचं तुम्ही बोला.

शेवटची_लोकल
मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बंडू_ओहायोकर
बूनला माझं अनुमोदन, आणि ते त्या रकूनच्या कातडीच्या टोपीसाठी नाही (तसली टोपी तो घालतच नव्हता म्हणे). १७७८ च्या फेब्रुवारीत हा केंटकीत ब्लू लिक्सला मीठ उकळायला गेलेल्या पार्टीबरोबर होता, शॉनी लोकांनी पकडला, आणि हा त्यांना इतका आवडला की सरदार ब्लॅकफिशने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतला. चार महिने गुमान राहिला, शिकार करून आणली, सगळ्यांशी गोड बोलला, आणि बून्सबरोवर हल्ल्याची तयारी दिसली तसा सटकला, १६० मैल चार दिवसात, म्हणजे अडीचशे किलोमीटर, रस्ता नाही काही नाही. त्याने बातमी आणली म्हणून सप्टेंबरच्या वेढ्यात गढी टिकली. शॉनींनी नदीकडून भुयार खणायला घेतलेलं ते पावसाने ढासळलं हा नशिबाचा भाग.

आणि बक्षीस काय मिळालं तर कोर्ट मार्शल, कारण पकडला गेला तेव्हा यानेच बाकीच्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावली होती. निर्दोष सुटला, वर मेजर केला. पण माणूस मनाला लावून घेऊन बसला असणार.

मृण्मयी_आर
पाटील, रॉजर्सचं अर्धंच सांगितलंत. १७५९ ला सेंट फ्रान्सिसच्या अबेनाकी गावावर पहाटे छापा घातला आणि गाव जाळलं, त्यात बायकापोरं गेली, हे पण लिहा की. आणि परतीच्या वाटेवर शिधा संपून त्याची स्वतःची माणसं भुकेने मेली, काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं अशी नोंद आहे. जाऊन परत आलेला पाहिजे ही तुमचीच अट ना? मग त्याची किती माणसं परत आली ते पण मोजा.

ओसाडगाव_पाटील
मोजलंय ताई. पण त्याच परतीत तो स्वतः तराफा बांधून कनेटिकट नदीतून खाली गेला, नंबर फोरच्या किल्ल्यावर पोचला आणि मागे अडकलेल्यांसाठी अन्न पाठवलं. दमलेल्या अवस्थेत हे करणारा कॅप्टन मला हवाय. गाव जाळण्याबद्दल काही बोलत नाही, समर्थन होण्यासारखं ते नाहीच.

पाचवा_गियर
कस्टर नाही???

बंडू_ओहायोकर
लिटल बिगहॉर्नला आपल्या तुकडीसकट मारला गेला तो कस्टर कशाला भाऊ, शत्रूच्या टीमला हवा असेल तर देऊन टाकू.

काळी_मैना
मला खरं सांगा, या यादीत नेमबाज भरायची सगळ्यांना घाई का असते? १२ मध्ये शस्त्रवाले दोनच आहेत. माझ्या मते पहिली निवड संपर्कवाल्यांची करा, तिथेच सगळं अडतं, आणि तिथे साकागावियाला पर्याय नाही.

लुइस आणि क्लार्कची मोहीम आठवा. (आपल्याकडे असईची लढाई झाली त्या १८०३ सालातच जेफरसनने नेपोलियनकडून लुइझियानाचा तो अवाढव्य पट्टा विकत घेतला, आणि तिथे नक्की काय आहे ते बघायला यांना पुढच्या वर्षी धाडलं.) ही पोरगी जेमतेम सोळा-सतराची, शोशोनी, लहानपणी हिदात्सा लोकांनी पळवून नेलेली, फ्रेंच नवरा शार्बोनो म्हणजे ओझंच, आणि ११ फेब्रुवारी १८०५ ला बाळंत झालेली. ते बाळ पाठीला बांधून ती निघाली. रॉकी पर्वत ओलांडायला घोडे हवेत आणि घोडे शोशोनींकडे. तर बोलणी कशी व्हायची बघा, कॅप्टन इंग्रजीत बोलणार, मोहिमेतला लबीश ते फ्रेंचमध्ये शार्बोनोला सांगणार, तो हिदात्सामध्ये बायकोला, आणि ती शोशोनीत सरदाराला. उत्तर परत त्याच वाटेने. त्या बैठकीत ती दुभाषी म्हणून बसते, समोरच्या सरदाराकडे बघते आणि तो निघतो तिचा सख्खा भाऊ, कामेआवेट. उठून धावत गेली, आपलं पांघरूण त्याच्यावर टाकलं आणि रडली. मग परत जागेवर येऊन भाषांतराला बसली, मध्येमध्ये रडू येत होतं तरी काम सोडलं नाही. घोडे मिळाले.

त्याच्या आधी मे महिन्यात होडी कलंडली तेव्हा नवरा सुकाणू सोडून देवाचा धावा करत होता आणि ही पाण्यात वाहून चाललेल्या वस्तू एकेक उचलून घेत होती. मला सांगा यात कमांडो कोण.

चिवडा_पार्सल
+१ काळी_मैना, दंडवत घ्या. दुसऱ्या सीटवर त्याच मोहिमेतला जॉर्ज द्रुयार टाका. आई शॉनी, बाप फ्रेंच कॅनेडियन, हातवाऱ्यांची भाषा अशी यायची की मैदानी मुलखात कोणाशीही बोलू शकायचा आणि वर सगळ्यात भारी शिकारी. त्याच्याशिवाय ते सगळे उपाशी मेले असते. पुढे १८१० मध्ये ब्लॅकफूटांनी मारला पण मोहिमेतून तर परत आला होता, अट पूर्ण.

उंबरठा
अवांतर: हे सगळं वाचून एकच नाव येतं डोळ्यासमोर, बहिर्जी नाईक. एकटा पुरला असता.

ओसाडगाव_पाटील
उंबरठा, वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथे मुलूख बदलू नका प्लीज, नाहीतर दुसऱ्या पानापर्यंत आपण पावनखिंडीत असू.

मृण्मयी_आर
आता मला जे म्हणायचंय ते म्हणते. आतापर्यंतची नावं बघा. दोनचार सोडले तर सगळे एका बाजूचे. फ्रंटियरवर स्पेशल फोर्स म्हणावं असं काही असेल तर ते अपाची होते, सैन्य नव्हे. १८८६ मध्ये जेरोनिमोच्या मागे पाच हजार सैनिक होते, म्हणजे त्या वेळच्या अमेरिकन लष्कराचा साधारण चौथा हिस्सा, आणि त्याच्याबरोबर किती माणसं, चाळीससुद्धा नाहीत, त्यात बायका आणि लेकरं धरून. तरी पकडता येईना. शेवटी मार्टिन आणि कायिताह हे दोन अपाची स्काउट त्याच्या तळावर बोलायला वर चढून गेले तेव्हा कुठे तो उतरला. आणि त्या दोघांना सरकारने काय दिलं? जेरोनिमोबरोबरच त्यांनाही गाडीत घालून फ्लोरिडाला कैदेत पाठवलं. चिरिकाहुआ, म्हणजे जेरोनिमोच्या शाखेचे अपाची लोक १९१३ पर्यंत कैदी होते. सत्तावीस वर्षं.

तर माझी दोन नावं. एक नाना. हो, नावच नाना. १८८१ च्या उन्हाळ्यात, वय सत्तरीच्या पुढे, सांधे धरलेले, आणि मूठभर लोक घेऊन न्यू मेक्सिकोत हजारभर मैल फिरला, लढाया केल्या, मागे लागलेलं सैन्य थकवलं आणि मेक्सिकोत निघून गेला. दुसरी लोझेन, सरदार व्हिक्टोरिओची बहीण. व्हिक्टोरिओ म्हणायचा की ती माझा उजवा हात आहे. अपाची लोक सांगतात की हात पसरून गोल फिरली की शत्रू कुठल्या बाजूला आहे ते तिला कळायचं, ते मानायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा, पण घोडे पळवणं आणि बायकापोरांना नदीपार काढणं यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑक्टोबर १८८० मध्ये व्हिक्टोरिओ त्रेस कास्तिल्योसला घेरून मारला गेला तेव्हा ही तिथे नव्हती, एका बाळंतपणाला आलेल्या बाईला सुखरूप पोचवायला गेली होती. शेवट अलाबामातल्या कैदेत, क्षयाने.

शेवटची_लोकल
नानाला कॅप्टन करा, विषय कट.

पाचवा_गियर
ओके कस्टर सोडा. किट कार्सन तरी घ्याल की नाही? सॅन पास्क्वालला डिसेंबर १८४६ मध्ये कॅलिफोर्नियन भालाईतांनी अमेरिकन जनरल कर्नीच्या फौजेला टेकडीवर कोंडलं, तेव्हा हा, बील नावाचा नौदलाचा अधिकारी आणि एक मूळनिवासी वाटाड्या रात्री पहाऱ्यातून सरपटत निघाले, आवाज नको म्हणून बूट काढले आणि ते बूट हरवले. मग तीसेक मैल अनवाणी, निवडुंगातून, सॅन दिएगोपर्यंत. बील कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होता. मदत आली. यापेक्षा जास्त काय पाहिजे तुम्हाला?

मृण्मयी_आर
१८६४ चा लाँग वॉक पाहिजे मला. जनरल कार्लटनच्या हुकमावरून नवाहो लोकांची पिकं जाळली, मेंढरं मारली, कॅन्यन द शेमधली पीचची झाडं तोडली गेली, उपासमारीने शरण आणले आणि आठ हजारांवर लोक तीनशे मैल चालवत बोस्के रेडोंडोला नेले, ती सगळी मोहीम कार्सनची. १८६८ ला परत सोडले, तोवर किती मेले. तुम्ही अनवाणी चालण्याचं कौतुक करता, त्यांनी पण चालूनच दाखवलं, म्हाताऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी.

पाचवा_गियर
ताई टीम गुणांवर निवडतोय की पुण्यावर? असं बघायला गेलं तर कोणीच उरणार नाही. रॉजर्स गेला, बून जमिनी बळकावणाऱ्या कंपनीसाठी रस्ता काढत होता तो पण गेला.

बंडू_ओहायोकर
पाचव्या गियरचा मुद्दा अगदी टाकाऊ नाही, पण मी दुसऱ्या बाजूने बघतो. ही टीम जंगलात महिनाभर एका शेकोटीभोवती बसणार आहे. कार्सन घेतलात तर द्रुयार, नाना, लोझेन यांच्यातलं कोणी त्याच्याकडे पाठ करून झोपेल का? बूनचं तसं नाही, तो शॉनी घरात राहिलेला, म्हातारपणी जुन्या शॉनी ओळखीच्यांबरोबर शिकारीला जायचा. हा फरक मला मोठा वाटतो. कार्सनच्या जागी जिम ब्रिजर घ्या ना, लिहिता-वाचता येत नव्हतं पण डोक्यात सगळा रॉकी पर्वत. वायोमिंगमधून आय-८० ने जाताना त्याचं ठाणं, फोर्ट ब्रिजर, हायवेच्या अगदी बाजूला लागतं, १८४३ मध्ये त्याने तिथे लोहारकाम आणि दुकान टाकलं, ऑरेगनला जाणाऱ्या गाड्यांची गिऱ्हाइकी. आम्ही गेलो तेव्हा पोरं कंटाळली पण मला ते फार आवडलं, अशा सपाट उजाड जागी धंदा सुचणारा माणूस टीमच्या रसदीसाठी सोनं आहे. शिवाय पाठीत तीन इंची बाणाचं टोक घेऊन तीन वर्षं फिरला, १८३५ ला ग्रीन नदीवरच्या मेळाव्यात डॉक्टर व्हिटमनने सगळ्यांसमोर कापून काढलं, भूल वगैरे काही नाही.

चिवडा_पार्सल
ब्रिजर घेतला तर ह्यू ग्लास नको हं. १८२३ मध्ये अस्वलाने फाडलेल्या ग्लासला मरायला सोडून जे दोघं पळाले त्यातला कोवळा पोरगा ब्रिजरच होता असं बरेच जण म्हणतात. ग्लास दोनशे मैल खुरडत परत आला. पोराला माफ केलं म्हणे, पण रात्रीच्या पहाऱ्याला या दोघांची जोडी लावायची का?

काळी_मैना
हेरगिरीला बास रीव्ज. आर्कान्सासमध्ये गुलाम म्हणून जन्मला, यादवीच्या काळात पळून इंडियन टेरिटरीत क्रीक आणि सेमिनोल लोकांत राहिला, त्यांच्या भाषा शिकला, आणि १८७५ पासून जज पार्करच्या हाताखाली डेप्युटी मार्शल. वाचता यायचं नाही. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, कुठला कागद कोणाचा ते लक्षात ठेवायचा आणि तेवढ्यावर माणूस हुडकून आणायचा.

त्याचा एक किस्सा फार सांगतात. दोघं भाऊ फरारी, आईच्या घरी येऊन-जाऊन. याने लांब तळ टाकला, फाटके कपडे घातले, टाचा उपटलेले बूट, हॅटला गोळ्यांची तीन भोकं, बेड्या आणि पिस्तूल आत लपवलेलं, आणि २८ मैल चालत त्या म्हातारीच्या दारात. पोलीस मागे लागलेत, पाय सुजलेत, काहीतरी खायला द्या. तिने वाढलं, वर म्हणाली माझी पोरं येतायत, तुम्ही तिघं मिळून काम करा. रात्री पोरं आली, गप्पा झाल्या, एकाच खोलीत झोपले. सकाळी भाऊ उठले तर हातात बेड्या. तळापर्यंत म्हातारी मागोमाग शिव्या देत आली म्हणे. आता २८ मैल चालत का जायचं, घोड्यावरून जाऊन शेवटचा मैल चालला असता तर? नाही, कारण पायाची अवस्था खरी दिसली पाहिजे. हा विचार करणारा माणूस मला पाहिजे.

ओसाडगाव_पाटील
रीव्ज पक्का, चर्चा बंद. ब्रिजर पण घेतला, कार्सन राखीव खेळाडू (मृण्मयी, इनो घ्या). शस्त्रांवर एक लोझेन आणि एक बिली डिक्सन. १८७४ च्या अडोबी वॉल्सच्या वेढ्यात उसन्या शार्प्स बंदुकीने टेकाडावरच्या घोडेस्वाराला जवळपास १४०० मीटरवरून पाडला असं सांगतात, आणि स्वतः तो कायम म्हणत राहिला की लागली ती नशिबाने लागली. बढाया न मारणारा नेमबाज म्हणून घेतला.

बांधकामाला लुइस-क्लार्कवाल्यांचे दोघं. जॉन शील्ड्स लोहार, मँडन जमातीजवळच्या मुक्कामातल्या थंडीत खायला संपलं तेव्हा याने भट्टी लावून युद्धाच्या कुऱ्हाडी घडवल्या आणि त्या विकून मका आणला, जुन्या जळक्या शेगडीच्या पत्र्याचे तुकडेसुद्धा विकले. आणि पॅट्रिक गॅस सुतार, किल्ले, होड्या सगळं त्याचं. सार्जंट फ्लॉइड वारल्यावर साथीदारांनी मत देऊन गॅसला सार्जंट निवडला, म्हणून सीनियर सार्जंटचं काम पण त्याच्याच गळ्यात. जगला पण १८७० पर्यंत, नव्वदी पार.

आता राहिला डॉक्टर.

चिवडा_पार्सल
डॉक्टर म्हणून खुद्द मेरिवेदर लुइस. आईकडून झाडपाला शिकला, फिलाडेल्फियात डॉक्टर रशकडे धावता कोर्स केला आणि निघताना रशच्या ५० डझन गोळ्या घेतल्या. पाऱ्याचा जुलाब. ताप आला घ्या गोळी, पाय दुखला घ्या गोळी. इतका पारा पोटातून गेला की माँटानात ट्रॅव्हलर्स रेस्टला जमिनीत पाऱ्याचे अंश सापडले, त्यावरून त्यांचा संडास कुठे होता ते उत्खननवाल्यांनी ठरवलं. तरी अठ्ठावीस महिन्यांत एकच माणूस गेला, तोही बहुतेक अपेंडिक्सने.

मृण्मयी_आर
त्या डॉक्टरच्या हाती मी मांजर पण देणार नाही. सुझान ला फ्लेश पिकॉट घ्या. ओमाहा जमातीची, १८८९ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून पहिली येऊन डॉक्टर झाली, अमेरिकेतली पहिली मूळनिवासी बाई डॉक्टर, आणि मग परत येऊन रिझर्व्हेशनवर हजारावर लोकांना एकटीने बघायची, बर्फात घोड्यावरून. आनंदीबाई जोशी शिकल्या तेच कॉलेज, तीन वर्षं आधी.

ओसाडगाव_पाटील
पण १८८६ ची अट आहे ना.

मृण्मयी_आर
अट तुम्ही घातलीत, तुम्हीच सैल करा. १८८६ मध्ये खेळ संपला असं सैन्य म्हणालं, आजारी पडणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

काळी_मैना
मृण्मयी +१००.

उंबरठा
वेगळा धागा काढत नाही, इथेच चांगलं चाललंय. कॅप्टनपदासाठी माझं मत शॉनी सरदार टेकम्सेला. ऑगस्ट १८१२, डेट्रॉईट, आत अमेरिकन जनरल हलकडे दोन हजारांवर माणसं आणि तोफा, बाहेर इंग्रज जनरल ब्रॉक आणि टेकम्से त्याहून कमी. टेकम्सेने आपले लोक जंगलातून बाहेर काढून किल्ल्यासमोरून नेले, परत झाडीत, परत बाहेर. हलला वाटलं हजारो आहेत, शरण. रॉजर्सने २८ नियम लिहिले पण पुढे कर्जात आणि दारूत बुडून लंडनला मेला. टेकम्सेच्या एका शब्दावर वेगवेगळ्या जमाती एकत्र यायच्या, आणि तुमच्या टीममध्ये आता निम्मे लोक त्याचं ऐकतील, रॉजर्सचं नाही.

बंडू_ओहायोकर
अटीत बसत नाही, तो १८१३ ला थेम्सच्या लढाईत पडला. पण माणूस असा आहे की अट मोडावी. रॉजर्सला डेप्युटी करा, बूनला वाटाड्या. तसंही बूनला हुकूम सोडायला आवडत नसावं.

ओसाडगाव_पाटील
१२ चे १४ झालेत माहितीये ना? नानाला काढवत नाही आणि पिकॉट काढली तर मृण्मयी धागा जाळेल. ठीक आहे, टेकम्से कॅप्टन, लुइस आणि पिकॉट दोघं डॉक्टर, पिकॉट सीनियर आणि पाऱ्याच्या गोळ्या तिच्या कुलपात.

पाचवा_गियर
नदीतून जायचं तर होडी कोण चालवणार? पिएर क्रुझात घ्या, त्याच मोहिमेतला नावाडी, मिसुरीवर सगळ्यात तरबेज आणि वर फिडल वाजवायचा, संध्याकाळी नाच व्हायचा. टीमचं मनोधैर्य वगैरे.

चिवडा_पार्सल
घ्या, पण बंदूक देऊ नका. एका डोळ्याने आंधळा, दुसऱ्याने लांबचं दिसायचं नाही. ११ ऑगस्ट १८०६ ला लुइसबरोबर झुडपात एल्क (मोठं हरीण) मारायला गेला, लुइसच्या अंगावर कातडी कपडे, याला वाटलं एल्क, आणि गोळी घातली ती थेट लुइसच्या ढुंगणात. वर बराच वेळ कबूलच करेना. लुइस पुढचे कितीतरी दिवस होडीत पालथा पडून प्रवास करत होता. म्हणजे तुमचा ज्युनियर डॉक्टर पहिल्याच आठवड्यात पिकॉटबाईंचा पेशंट.